४३ वेळा ‘बरं का’

सातवी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर बसायचं तर आधी पोट आत घ्यावं लागतं, मग गुडघे. बाक बारा वर्षांच्या पोरांच्या मापाचा आणि मी बी.एड. कॉलेजातला बावन्न वर्षांचा प्राध्यापक. आमचे शिकाऊ शिक्षक शाळेत येऊन शिकवून दाखवतात, त्या सराव पाठांच्या हंगामात रोज तीन तास मी असा घडी होऊन बसतो. मांडीवर छापील पत्रिका असते. तिचं शीर्षक, ‘छात्राध्यापकाच्या मौखिक संप्रेषण कौशल्याचे मूल्यनिर्धारण’. हे एका दमात म्हणून दाखवील त्याला मी तिथल्या तिथे पास करायला तयार आहे.

खाली रकाने. आवाजाची पट्टी, गती, आरोह-अवरोह, विराम, उच्चारांची शुद्धता, प्रमाण भाषेचा वापर, हावभाव. प्रत्येकाला पाचपैकी गुण. यातल्या ‘विरामा’नं मला फार छळलंय. बाई बोलता बोलता थांबल्या त्या मुलांना विचार करायला वेळ द्यावा म्हणून, की पुढचं टाचण आठवेना म्हणून, हे मागून कसं कळावं? मी आपले तीन देतो. आमच्या खात्यात तीन गुण दिल्याबद्दल आजवर कुणाला कुणी जाब विचारलेला नाही.

बोलणं मोजायचं हे वेड माझ्या आधीचं आहे. नेड फ्लँडर्स नावाच्या अमेरिकन संशोधकानं वर्गातल्या बोलण्याचे प्रकार पाडले: शिक्षकाचे सात, विद्यार्थ्यांचे दोन. निरीक्षकानं दर तीन सेकंदांनी, त्या घडीला जो प्रकार चालू असेल त्याचा आकडा टिपायचा. म्हणजे ३५ मिनिटांच्या तासाला ७०० आकडे. नोकरीच्या उमेदीत मी एकदा ते सगळे इमानानं टिपले. तास संपल्यावर पाठ कशावर होता ते मला सांगता येईना. फ्लँडर्सचा दहावा प्रकार मात्र मला मनापासून आवडतो: ‘शांतता किंवा गोंधळ’. दोघांत मिळून आकडा एकच. सातवी ‘ब’ बघितलेल्या माणसाला यात काही चुकीचं वाटणार नाही.

या शिकाऊंना शाळेत पाठवण्याआधी कॉलेजात सूक्ष्म अध्यापन होतं, म्हणजे चिमुकल्या पाठांची रंगीत तालीम. हेही अमेरिकेतलंच, १९६३ च्या सुमाराचं, स्टॅनफर्ड विद्यापीठातलं. आपल्याकडे त्याचं चक्र ३६ मिनिटांचं: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं चुका ऐका, बारा मिनिटांत टाचण सुधारा, पुन्हा सहा शिकवा, पुन्हा सहा ऐका. मुलं कुठून आणायची? मग वर्गमित्रच मुलं होतात. दोन लेकरांची आई दोन बोटं वर करून ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ म्हणते आणि मिशीवाला गडी ‘बाई, हा मला चिमटे काढतो’ म्हणून तक्रार करतो. घागरीत पोहायला शिकवून माणसाला विहिरीत ढकलावं तसं मग आम्ही त्यांना सातवी ‘ब’त ढकलतो.

परवाच्या बाई कोकणातल्या, लग्न होऊन आमच्या सोलापूरकडच्या दुष्काळी भागात आलेल्या. पाठ भूगोलाचा, भरती-ओहोटी. वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र बघितलेला नसावा. तळ्यातलं पाणीसुद्धा त्यांनी फक्त जातानाच बघितलंय.

उच्चार छान होते. ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणं’मधला च, दोन्ही आपापल्या जागी. पण ‘बरं का’! ‘चंद्राचं आकर्षण असतं, बरं का. पाणी ओढलं जातं, बरं का. १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते, बरं का.’ मी समासात ताळ्याच्या खुणा सुरू केल्या. चार उभ्या काड्या, पाचवी आडवी.

एकविसाव्या काडीला शेजारी नजर गेली. माझ्या बाकावरचं पोरगं वहीच्या मागच्या पानावर तेच करत होतं. माझ्यापेक्षा रेघा सरळ. त्याच्या तेवीस झाल्या होत्या.

‘दोन कुठल्या?’ मी कुजबुजलो.

‘तुमी चष्मा पुसत व्हता तवाच्या,’ तो म्हणाला.

मी मुकाट्यानं दोन काड्या वाढवल्या.

पुढं दोघांचं जमलं. बेचाळिसाव्याला आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. आणि त्रेचाळिसाव्यानंतर पुढच्या बाकावरची एक चिमुरडी उठली. ‘बाई, पाणी मागं गेलं की मासं कुठं जातेत?’

हा प्रश्न टाचणात नव्हता. बाई थांबल्या. (विराम. तीन.) मग त्यांनी खडू ठेवला आणि पदराला हात पुसले.

‘काही पाण्याबरोबर जातात. काही खडकांच्या खळग्यांत अडकतात. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. सुकती लागली की माझी आजी टोपली घेऊन खाडीत उतरायची, मी तिच्या मागं. चिखलात पायानं चाचपायचं. पायाला टणक लागलं की वाकायचं. तिसरी निघायची. शिंपली असते, आत एवढंसं मांस. आजी चिखलातून वर बघायची नाही, पण पाणी वळलं की तिला कळायचं. म्हणायची, चल गो, आता निघूया.’

सांगताना त्यांचे तळवे खरंच जमिनीवर सरकत होते. पुढच्या रांगेतली पोरं बाकाखाली पाय चाचपडत होती. एकानं तर चप्पल काढली.

घंटा झाली तेव्हा माझा पेन टोपणासकट खिशात होता.

‘सर,’ पोरगं अपराधी चेहऱ्यानं म्हणालं, ‘शेवटचं मोजायचं ऱ्हायलं.’

‘माझंही.’

‘मग त्रेचाळीसच धरू या?’

दोन परीक्षकांचं एकमत झालं. तसं ते विद्यापीठातही इतक्या झटपट होत नाही.

आता ‘प्रमाण भाषेचा वापर’ हा रकाना. ‘सुकती’ला नियमानं गुण कापायला हवेत. कापले तर ती आजी चिखलातच राहते. मी तो रकाना कोरा ठेवून बाहेर लिंबाखाली आलो. बाई वही छातीशी धरून उभ्या होत्या.

‘सर, माझ्या भाषेत चुका झाल्या ना? शेवटी मी वाहवत गेले.’

प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणं, द्यायची हीच वेळ. आधी बलस्थानं, मग उणिवा, मग सूचना, असं मी स्वतः शिकवतो. तोंडातून निघालं, ‘तिसऱ्यांचं कालवण कसं करतात हो?’

बाई खुलल्या. ‘अगदी सोपं असतं, बरं का सर—’

मागून खिडकीतून आवाज आला, ‘चव्वेचाळीस!’