सहा महिन्यांच्या डिप्लोमावर लष्करात लेफ्टनंट होता येत नाही

सातारा-कराडकडच्या ग्रुपांवर सध्या एक जाहिरात जोरात फिरते आहे. बारावीनंतर सहा महिन्यांचा ऑनलाइन ‘मिलिटरी पॅरालीगल डिप्लोमा’ करा, लेखी परीक्षा न देता लष्कराच्या जॅग शाखेत थेट लेफ्टनंट व्हा, कोर्ट मार्शलचे खटले चालवा. मुलींसाठी निम्म्या जागा राखीव. फी ४५ हजार. माझ्या भाचीने ती घरी दाखवली आणि दाजी पैसे भरायला निघाले. दाजी स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालेत. पोस्टरवरच्या तरुणाच्या खांद्यावर तीन स्टार आहेत आणि खाली लिहिलंय ‘लेफ्टनंट’. तीन स्टार कॅप्टनचे. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आला की अशा माणसाचीही नजर चुकते, आणि नेमका त्याचाच फायदा हे लोक घेतात. म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक थाप पहिलीच. जॅग म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखा, लष्कराचा कायदा विभाग. तिच्या प्रवेशाची अधिसूचना लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर निघते, कुणीही उघडून वाचावी. वय २१ ते २७. एलएलबीला, तीन वर्षांची असो वा पाच वर्षांची, एकूण किमान ५५ टक्के. कॉलेज बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेचं आणि उमेदवार वकिलीच्या सनदेसाठी पात्र. यात डिप्लोमा कुठे बसतो? पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा मदतनीस, हा शब्दसुद्धा त्या अटींत नाही. ५४ टक्केवाल्या एलएलबीला जिथे दार बंद, तिथे घरी बसून मिळवलेलं प्रमाणपत्र कोण विचारणार?

आणि कोर्ट मार्शल म्हणजे काय खेळ वाटला का? आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम १२९ प्रमाणे प्रत्येक जनरल कोर्ट मार्शलला जज अ‍ॅडव्होकेट हजर असावाच लागतो. पुरावा ग्राह्य आहे की नाही, आरोप कायद्यात बसतो की नाही, हे तो न्यायालयाला सांगतो. त्या न्यायालयाला फाशीपर्यंतची शिक्षा देण्याचा अधिकार आहे. कुणाच्या तरी मुलाची नोकरी, पेन्शन, प्रसंगी जीव तिथे पणाला लागलेला असतो. ते काम सहा महिन्यांच्या व्हिडिओंवर शिकवतो म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी.

ही ‘मिलिटरी पॅरालीगल’ची कल्पना उचललीय अमेरिकेतून. तिकडच्या आर्मीत ‘२७डी’ नावाचा पॅरालीगलचा ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, खरोखर आहे. पण तो शिपाई दर्जाचा. अधिकारी तिथेही वकीलच होतात. शिवाय भरतीला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. आपल्याकडे असा ट्रेडच नाही. ऑफिसचं कागदपत्रांचं काम क्लार्क करतात आणि त्यांची भरती अग्निवीर म्हणून वेगळी होते.

‘लेखी परीक्षा नाही’ हे, नाइलाजाने मान्य करते, अर्धं खरं आहे. सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षेसारखा पेपर जॅगला नसतो. पण क्लॅट पीजी, म्हणजे एलएलएमच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर सक्तीचा आहे, आणि ती परीक्षा एलएलबी झाल्याशिवाय किंवा तिच्या शेवटच्या वर्षाला असल्याशिवाय देता येत नाही. पुढे पाच दिवसांची एसएसबी म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, मेडिकल, मेरिट आणि चेन्नईच्या ओटीए या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. एसएसबीला पहिल्यांदा बोलावलं तर थ्री टियर एसीचं जाण्यायेण्याचं भाडं लष्कर देतं.

मुलींच्या राखीव जागा? उलट आधी जाहिरातीत पुरुषांना ६ आणि महिलांना ३ अशा जागा होत्या. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२५ ला अर्शनूर कौर प्रकरणात ती वाटणी रद्द केली आणि सर्वांची एकच गुणवत्ता यादी लावायला सांगितलं. भाचीसाठी खरी बातमी ही आहे.

पॅरालीगलचं काम निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक (पॅरालीगल व्हॉलंटियर) निवडतं आणि प्रशिक्षण फुकट देतं. २०२५ पासून नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, वीर परिवार सहायता योजनेत जवानांच्या कुटुंबांना जमीन, पेन्शन, घरगुती वाद यांत मदत केली जाते. सैनिकाच्या घरातल्या मुलीने ते जरूर करावं, कागद वाचायची आणि माणसं ऐकायची सवय लागेल. फक्त ती नोकरी नाही, आणि जॅगचा दाखला तर नाहीच.

बारावी झालेल्या मुलांनी पाच वर्षांच्या लॉची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी. वेळेत पास झालात तर तेविसाव्या वर्षी हातात पदवी असते आणि सत्ताविशीपर्यंत प्रयत्नांना जागा उरते. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावती, जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट पुसू नयेत. परतावा लेखी मागा. नाही दिला तर फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत देता येते, आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी नालसाचा १५१०० हा नंबर आहे.