पाविया व्हँडरबिल्टला आला, त्यात वाईट काय झालं?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की हल्ली एक रडगाणं हमखास ऐकू येतं. पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, निष्ठा उरली नाही, पैशाने खेळाचा बाजार केला. मी नॅशव्हिलला राहतो, आणि इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाचा २०२४ चा सीझन पाहिल्यापासून मला हे अजिबात पटत नाही.

(इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, बॉल हातात घेऊन धावायचा खेळ. आपला कोल्हापूरचा फुटबॉल नव्हे.)

व्हँडरबिल्ट हे श्रीमंत खासगी विद्यापीठ, अभ्यासात अव्वल. फुटबॉलमध्ये मात्र एसईसी या सगळ्यात तगड्या लीगमध्ये पिढ्यानपिढ्या मार खाणारं. २०२३ मध्ये १२ पैकी १० मॅच हरले, लीगमध्ये एकही जिंकले नाहीत. कोच क्लार्क ली स्वतः याच कॉलेजकडून खेळलेले. तळमळ भरपूर, पण तीन वर्षांत हाती फारसं काही लागलं नव्हतं.

मग न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून डिएगो पाविया आला. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं डोकं. उंचीने कमी, म्हणून शाळेतून बाहेर पडला तेव्हा पहिल्या श्रेणीच्या एकाही कॉलेजने त्याला विचारलं नव्हतं. तो आधी दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात खेळला, तिथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, मग न्यू मेक्सिको स्टेट. त्याच्यासोबत तिथला टाइट एंड (पास झेलणारा आणि समोरच्यांना अडवणारा खेळाडू) एलाय स्टोअर्स आला, आक्रमण आखणारे टिम बेक आले आणि जुने जाणते कोच जेरी किलही आले.

५ ऑक्टोबर २०२४. समोर अलाबामा, देशात पहिल्या क्रमांकावर. पहिल्या पाचातल्या संघांशी व्हँडरबिल्ट तोवर ६० मॅच खेळलं होतं आणि साठही हरलं होतं. त्या दिवशी पावियाने २० पैकी १६ पास अचूक टाकले. पण मला त्याहून मोठी वाटते ती या संघाची चिकाटी. ६० मिनिटांच्या खेळात तब्बल ४२ मिनिटं बॉल यांच्याकडे होता! चार-पाच यार्ड पुढे सरकायचं, पुन्हा चार-पाच यार्ड सरकायचं, आणि अलाबामाच्या गुणवान पोरांना बाहेर बसवून ठेवायचं. ४०-३५ असताना शेवटच्या दोन-तीन मिनिटांतही यांनी बॉल सोडला नाही. मग विद्यार्थी मैदानात घुसले, गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. गाणी ऐकायला आलेले पर्यटक बारमधून बाहेर येऊन बघत होते. लीगने कॉलेजला एक लाख डॉलरचा दंड ठोकला. दिला असेल आनंदाने.

सगळा सीझन असा नव्हता. त्याआधी जॉर्जिया स्टेटसारख्या लहान संघाकडून हरले होते, नोव्हेंबरमध्ये ओळीने तीन मॅच गेल्या. पण ऑबर्नला त्यांच्या घरी हरवलं, सीझनअखेरच्या बर्मिंगहॅम बोल या मॅचमध्ये जॉर्जिया टेकला ३५-२७ ने हरवलं आणि सात जिंकून सहा हरले. विजय पराजयांपेक्षा जास्त, हे २०१३ नंतर पहिल्यांदा झालं.

जुन्या नियमाप्रमाणे कॉलेज बदललं की खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागायचं. तो नियम असता तर यातलं काहीच घडलं नसतं. मी नागपूरचा. विदर्भाने २०१७-१८ ची रणजी जिंकली तेव्हा वसीम जाफर मुंबईचा होता आणि कोच चंद्रकांत पंडितही मुंबईचे. म्हणून तो करंडक आमचा नव्हता असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. फायनलला हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी आमचाच होता ना! बाहेरून आलेल्या माणसाने घरच्या पोरांना उभं केलं तर त्यात कमीपणा कसला?

आणि निष्ठा फक्त वीस वर्षांच्या पोरांनीच का दाखवायची? कोच लाखो डॉलरच्या करारासाठी ऐन डिसेंबरमध्ये संघ सोडून जातात, त्यांना कुणी वर्षभर बसवत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला खरंच टोचते. न्यू मेक्सिको स्टेटने २०२३ मध्ये १० मॅच जिंकल्या होत्या. पाविया आणि कोच गेल्यावर २०२४ मध्ये तीनच. ज्यांनी नाकारलेल्या पोराला संधी दिली, त्यांच्या हाती काय आलं? पण त्यावर उपाय म्हणून पोराला बांधून ठेवणं मला मान्य नाही. जगाच्या फुटबॉलमध्ये फिफाचा नियम आहे की खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या क्लबकडे गेला तर त्या रकमेतला पाच टक्के वाटा त्याला लहानपणापासून घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. इथेही तसं करा. मोठ्या कॉलेजने पोरगा नेला तर घडवणाऱ्या लहान कॉलेजला पैसे द्या. लीगकडे टीव्हीचा पैसा बक्कळ आहे, त्यातूनच द्या.