कंडेन्सर गेलेला गळा

परवा पहाटे मी गाण्याच्या रियाजात मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर, स्थिर होतो आणि कोणीतरी अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडला. एप्रिल महिना, धुळे, देवपूर, पंखे बंद. विचार करा.

भजनी मंडळात सगळ्यांना वर चढायचं असतं, खाली धरायला कुणी नाही, म्हणून मी खर्ज भरायला, म्हणजे खालचे सूर घोटायला, घेतला. गुरुजींनी सांगितलं, काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी) सा लावा, एकेक सूर खाली या, जबडा सैल, जोर बिलकुल नको. जोर लावला की हवेचा दाब वाढतो आणि सूर उलटा वरच सरकतो. खालच्या सुराला स्वरतंतू ढिले लागतात. पहाटे ते जरा सुजलेले असतात म्हणून एखाद-दोन सूर फुकटात मिळतात, आणि पोहे खाईस्तोवर गायब. तंतूंची लांबी-जाडी आईबापांनी दिली तेवढीच, त्यामुळे मंद्र सा माझ्या नशिबात नाही हे मला माहितीये, पण पंचम तरी भरीव व्हावा की नाही?

तर खालून आवाज. "मोटर कोन चालू ठेयेल शे रे? कंडेन्सर जायेल शे तिना! जळी जाई ना भो!"

हे तळमजल्यावरचे आप्पा. (कंडेन्सर गेला की पाण्याची मोटर फिरत नाही, जागेवर नुसती घुमते; माझा सूर त्यांना तसा वाटला.) वायरमन म्हणून रिटायर झाले पण टेस्टर खिशातून रिटायर झालेला नाही. अंधारात जिना चढून वर आले, मला तंबोऱ्याच्या ॲपसमोर मांडी घालून बसलेलं बघितलं, आणि माणसाने इथे सॉरी म्हणून खाली जावं की नाही? नाही. म्हणे, परत म्हन बरं. मी म्हटलं. (का म्हटलं देव जाणे.) आप्पांनी डोळे मिटले, भिंतीला तळहात लावला आणि निदान केलं, "पन्नास सायकलनी लाईन शे, अडकेल मोटर शंभरवर घुमस. तू जरासा वर शे. अजून थोडा खाले उतर, मंग बराबर व्हई."

मी त्यांना तानपुरा, षड्ज, परंपरा वगैरे सांगायला लागलो तर ते म्हणाले, ते ऱ्हाऊ दे, घसाले तेल घाल.

रागारागात नंतर हिशोब केला. काळी एकचा सा साधारण 138.6 हर्ट्झ, पंचम त्याचा पाऊण, म्हणजे 104. म्हातारा चार हर्ट्झनी चुकला. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला पाहिजे होता, वाढला.

आणि लग्नसराईत डीजेवाले खिडक्यांच्या काचा हलवतात तेव्हा हे टेस्टर कुठे असतात हो? तो खर्ज मध्यरात्रीपर्यंत चालतो, वर त्याला वरातीत पैसे उधळतात. मी पहाटे तोंड मिटून हुंकार भरला की मात्र सगळ्यांची झोप नाजूक.

काल पाण्याचा वार होता. मोटर खरंच अडकली, खरंच घुमायला लागली, आणि चारही मजल्यांवरून लोक माझ्या नावाने ओरडत राहिले, "भाऊ, बस करा आता!" मी तेव्हा दाढी करत होतो. स्विचकडे कुणी गेलं नाही, आप्पासुद्धा नाही, मोटर जळाली. आज बिल्डिंगच्या ग्रुपवर रिवाइंडिंगची वर्गणी आलीये आणि माझ्या नावापुढे डबल रक्कम आहे. मी देणार नाही.