आधी प्रयोगशाळेचं बघ, मग फॉर्म भर

काल सातपूरच्या कट्ट्यावर दुसरा चहा झाला तरी वाद मिटेना. आमचा अण्णा ४१ वर्षांचा, एमआयडीसीत फर्स्ट, सेकंड, नाइट अशा फिरत्या शिफ्टवर. वडील गेले तेव्हा एसवायला बीएस्सी सुटली. आता केमिस्ट्री पुरी करायचीच म्हणतो. वाद एवढाच, कुठल्या मुक्त विद्यापीठातून?

मास्तर म्हणाले, "यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशकातच आहे. घर सोडून बाहेर कशाला?"

"इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, दिल्लीचं असलं म्हणून काय दिल्लीला जायचं असतं का?" बँकवाला तापला. "अभ्यासकेंद्र जवळचं मिळतं. आणि तीन वर्षांची बीएस्सी सहा वर्षांपर्यंत करता येते."

अण्णाला घोर वेगळाच. "मुक्तची पदवी कंपनीत धरतील ना?"

यावर मात्र दोघं एका सुरात बोलले. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची. फक्त आपल्या वर्षाला, आपल्या कोर्सला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या यादीत डोळ्यांनी बघायचं. एजंटच्या तोंडावर जायचं नाही.

मग मी हिशेब मांडला. इग्नूच्या आधीच्या (सीबीसीएस) बीएस्सीला १३२ क्रेडिट होते, एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरतात. म्हणजे ३,९६० तास. तीन वर्षांत उरकायचं तर आठवड्याला २५ तास, सहा वर्षांत तेरा. नाइट करून आलेल्या माणसाला पंचवीस झेपणार नाहीत, हे मला छातीठोक सांगावंसं वाटलं.

आणि पुस्तक रात्री दोनलाही उघडता येतं, टायट्रेशनसारखा प्रयोग घरी करता येत नाही! प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास. सलग घेतलं तर आठवडाभर रजा, रविवारी घेतलं तर दोन-अडीच महिन्यांचे रविवार गेले. त्यामुळे विद्यापीठाच्या नावावरून भांडण्यापेक्षा दोन्हीकडच्या केंद्रांत जाऊन विचारावं: केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल इथेच होतात का, की दुसऱ्या गावी? कोणत्या महिन्यात? वेळापत्रक किती दिवस आधी लागतं?

"रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो," अण्णा हळूच म्हणाला.

मास्तर गप्प झाले. मग म्हणाले, "सोमवारी मला सुट्टी आहे. मी येतो तुझ्याबरोबर, दोन्ही केंद्रांत."

अण्णाने मोबाइलवर शिफ्टचा चार्ट उघडला. सोमवारी त्याची सेकंड होती, सकाळ मोकळी.