परीक्षण (नमुना)

आज वाचनालयात कुरिअरने एक पाकीट आलं. आत एका नव्या कथासंग्रहाच्या दोन प्रती, पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट, अभिप्रायार्थ’ आणि सोबत टाचणी लावलेला टाइप केलेला कागद. वर ठळक अक्षरांत ‘परीक्षण (नमुना)’. खाली बारीक अक्षरांत : कृपया आपल्या नावाने पोस्ट करावे, मुखपृष्ठाचा फोटो जोडावा, लेखकास टॅग करावे.

नमुना! रेशन कार्डाच्या अर्जाचा असतो तसा. ‘हा संग्रह वाचून मी भारावून गेलो/गेले.’ मधे तिरकी रेघ खरोखर होती, मी पदरचं घालत नाहीये.

हसून सोडून दिलं असतं. पण दुपारी फेसबुक उघडलं तर माझ्याच यादीतल्या दोघांच्या वॉलवर तोच कागद. शब्द न शब्द तोच. ‘संग्रही ठेवावा असा ऐवज’ तोच, ‘वाचकाला अंर्तमुख करणारा’ यातला भलतीकडे जाऊन बसलेला रफारही तोच. एकाने तर ‘गेलो/गेले’सुद्धा तसंच ठेवलंय. स्वतः पुरुष की बाई एवढं ठरवण्यापुरतंही वाचलं नाही हो! आणि खाली ११४ लाइक. ‘सुंदर परीक्षण सर’, ‘पुस्तक मागवतो’.

दोघंही मित्र आहेत. ही पोस्ट वाचतील. वाचू देत.

नव्यांसाठी सांगते. मी एका ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. गेली सहा वर्षं दर रविवारी इथे एका पुस्तकाबद्दल लिहिते, तेही लेखकाने पदरमोड करून काढलेल्या नव्या पुस्तकाबद्दलच. कविता, आत्मकथन, रहस्यकथा, बालनाट्य, गांडूळखत, काहीही चालतं. नावाजलेल्या प्रकाशकांच्या पुस्तकांवर लिहायला माणसं आहेत. यांच्या वाट्याला पेपरच्या पुरवणीतलं ‘साभार पोच’. नाव, पानं, किंमत, संपलं. दोन वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकाची दीड ओळ.

जुन्या मित्रांना वायरमनकाकांची गोष्ट पाठ आहे. तरी परत सांगणार, आज दिवसभर तेच डोक्यात आहेत.

अकोले तालुक्यातले निवृत्त वायरमन. (अकोला नव्हे, अकोले. हा खुलासा जन्मभर करावा लागतो त्या लोकांना.) निवृत्तीच्या पैशातले साठ हजार घालून त्यांनी १४४ पानांचं आत्मकथन छापलं, ५०० प्रती. पहिली २२ पानं शुभेच्छांची : आमदार, सरपंच, पतसंस्थेचे चेअरमन, फोटोंसकट. मुद्रितशोधन नावालाही नाही. पुतण्याने मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाल्याने त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवला आणि त्या फिरवाफिरवीत ‘ऱ्या’ची सगळीकडे ‘र्या’ झाली. शाळेत आचारी आणि आचार्य यांवरून शिकवतात ना, तीच भानगड. ‘पावसाळ्यात आमच्याकडच्या दर्या ओलांडून लाइनवर जावे लागे.’ मी पोस्टमध्ये लिहिलं : अकोले तालुक्यात समुद्र कधी आला बुवा? खाली हसऱ्या तोंडांचा नुसता पाऊस. मीही स्वतःवर जाम खूश.

दुसऱ्या दिवशी फोन. मी मनातल्या मनात भांडायची तयारी करूनच उचलला.

“मॅडम, पान कितवं म्हणालात?”

मी पुस्तक काढून आणलं. ते पेन्सिल घेऊनच बसले होते. पान ३१, ५८, ११७. “अजून कुठं असंल तर सांगा, लिहून घेतो.” पाऊण तास आम्ही ओळीन् ओळ बघितली. शेवटी म्हणाले, “आमदारसाहेबांनी वीस मिनिटं भाषण केलं पुस्तकावर. पण त्यांना समुद्र काय दिसला न्हाई.”

तीन आठवड्यांनी टपालाने नवी प्रत. प्रत्येक ‘दर्या’वरचा रफार ब्लेडने खरवडलेला आणि शेजारी काळ्या शाईने छोटासा अर्धा ऱ काढलेला. भुवईसारखा. काका आणि त्यांची नात, दोघांनी मिळून उरलेल्या ३४० प्रतींवर हे केलं. सोबत चिठ्ठी : आपल्याकडील दाखल प्रत बदलून घ्यावी ही विनंती.

आता मला सांगा, ह्या माणसाला ‘अप्रतिम, नक्की वाचा’ म्हणणं हा मान की अपमान?

माझ्या मते अपमान. न वाचता केलेली स्तुती म्हणजे दारात आलेल्याला आत न बोलावता हातावर साखर ठेवून वाटेला लावणं. आणि ज्याने स्वतः पैसे घातलेत त्याला तर खरं सांगणारं दुसरं कुणी नसतंच. संपादक नाही, मुद्रितशोधक नाही, ‘हे प्रकरण काढा’ म्हणणारं कुणी नाही. पहिला परखड वाचक भेटतो तो पुस्तक छापून झाल्यावर. तोही जर नमुना चिकटवणार असेल तर मग झालंच.

हो, मान्य, नव्या लेखकाला प्रोत्साहन लागतं. लागतंच. पुढे?

आणि हो, यातली बरीच पुस्तकं वाचवत नाहीत. महिन्याला दहा येतात, त्यांतली सहा चारोळ्यांची, आणि त्या सहांतल्या पाचांत पाऊस. मी देवघेवीच्या खिडकीत बसते, मला माहीत आहे कुठलं पुस्तक घरी जातं आणि कुठलं कपाटात म्हातारं होतं. पण वायरमनकाकांचं ‘परमिट’ हे प्रकरण मी शोधायला गेले नव्हते, ते असंच दहांतून हाती लागलं. लाइन बंद, सबस्टेशनकडून परमिट (कामाची लेखी परवानगी) घेतलेलं, तरी कामावरचा जोडीदार खांबावरच दगावला. कारण जवळच्या मंगल कार्यालयाने लग्नासाठी जनरेटर लावला होता आणि त्याचा करंट उलटा लाइनवर आला. चार पानं. एकही विशेषण नाही. पक्कड कुठे पडली, चपला कुठे राहिल्या, सनई किती वेळ चालू होती, एवढंच. समुद्राचा विनोद करण्याच्या नादात माझ्या पहिल्या पोस्टमध्ये या चार पानांवर मी फक्त एक वाक्य लिहिलं होतं. ते अजून टोचतं.

जेवून आले. राग उतरेल असं वाटलं होतं, पण भाकरी थापताना तो दुसरीकडेच वळला.

हा नमुन्याचा कागद लेखकाने लिहिलाच नसेल. आता ‘पॅकेज’ मिळतात. मुखपृष्ठ, छपाई, प्रकाशन समारंभ, पाच परीक्षणं, आणि वर ‘आयएसबीएनसह’ असं सोनेरी अक्षरांत. अहो, तो १३ आकडी नंबर दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी फुकट देते! लेखकाला स्वतःला ऑनलाइन अर्ज करता येतो. तो काही पुस्तकाला मिळालेला पुरस्कार नाही, नुसता ओळखक्रमांक. आणि जे सांगायला हवं ते कुणी सांगत नाही. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यांत आपल्या मुंबईचंही एक आहे. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्हीच. वायरमनकाकांना मी हे त्या फोनवर सहज बोलले, तर त्यांनी चारही प्रती रजिस्टरने पाठवून पावत्यांचा फोटो मला पाठवला. म्हणजे कोलकात्याला गेलेल्या प्रतीतसुद्धा ती काळ्या शाईची भुवई आहे.

‘स्वतः छापलं म्हणजे कुणी घेतलं नसणार’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही. जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली, पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलं होतं, तेवढं आठवा. साठच्या दशकात आपल्या पोरांनी सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं (जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं) काढली, तीही कुणाची परवानगी घेऊन नव्हे. त्या मंडळींचं आपसात कडाक्याचं भांडण चालायचं. भांडायला आधी वाचावं लागतं.

‘तू कोण लागून गेलीस समीक्षक?’ ही कमेंट येणार, म्हणून आधीच उत्तर. कुणी नाही. पुस्तकांवर दाखल नंबर घालते.

आता खरं सांगते. ही पोस्ट संध्याकाळी सुरू केली तेव्हा पाकिटातलं पुस्तक उघडलंही नव्हतं. कागदावरच भडकले होते. मग स्वतःचीच लाज वाटली आणि भांडी तशीच ठेवून वाचायला बसले. पहिल्या दोन कथा सोडून द्या. तिसरी रेशन दुकानातली. म्हातारीचा अंगठा मशीनवर उठत नाही. जन्मभर लोकांची भांडी घासून रेषाच गेल्यात. दुकानदार म्हणतो, लिंबू चोळून ये. ती लिंबू विकत आणते, पाच रुपयांचं, आणि रांगेत परत शेवटी उभी राहते. मागची पोरगी विचारते, आजी, सरबत का? इथे मी थांबले. पुस्तक मिटलं, परत उघडलं.

आणि मग शेवटचा परिच्छेद. लेखक स्वतः पुढे येऊन ‘आजच्या व्यवस्थेत गरिबांचे…’ वगैरे सुरू करतो. आठ ओळी. तो ‘सरबत का?’वर थांबला असता तर! ‘नमुन्यात’ या कथेचा उल्लेखसुद्धा नाही. लिंबू नाही, अंगठा नाही. ‘सामाजिक भान जपणाऱ्या कथा’ म्हणे.

कागदाच्या तळाशी लेखकाचा नंबर आहे. उद्या सकाळी फोन करणार आहे. पान ६२, शेवटच्या आठ ओळी. पेन्सिल घेऊन बसा म्हणणार.

(एडिट : मित्राने पोस्टमधलं ‘गेलो/गेले’ आत्ता दुरुस्त केलं. ‘अंर्तमुख’ अजून तसंच आहे.)