रांग होतीच कुठे? नाउरू आणि मॅनसवरील इराणी निर्वासितांविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

मेलबर्नच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर पुन्हा फिरू लागला आहे, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: २०१३ मध्ये बोटींतून ऑस्ट्रेलियात आलेले इराणी खरे निर्वासित नव्हते, ते रांग मोडून आले, ऑस्ट्रेलियाने त्यांना पॅसिफिकमधील नाउरू या बेटदेशात आणि पापुआ न्यू गिनीच्या मॅनस बेटावर पाठवले तेव्हा तिथे ते कैदेत नव्हते, दुसरा देश स्वीकारेपर्यंत फक्त थांबले होते आणि मनात आणले असते तर मायदेशी परतू शकले असते, शिवाय या धोरणामुळेच बोटी थांबल्या.

पहिला मुद्दा जुनाच आहे. इराणी बहुतांशी आर्थिक कारणांसाठी येतात, असे ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बॉब कार यांनीही २०१३ मध्ये म्हटले होते. पुढे नाउरू आणि पापुआ न्यू गिनी या देशांच्या सरकारांनीच अर्जांची छाननी केली आणि बेटांवरच्या बहुसंख्य लोकांना निर्वासित म्हणून मान्यता दिली. ज्यांच्या हवाली ऑस्ट्रेलियाने ही माणसे केली, त्यांचाच हा निर्णय आहे.

रांगेविषयी बोलायचे तर, निर्वासितांच्या पुनर्वसनाला रेशनच्या दुकानासारखी रांग नसते. जगातील निर्वासितांपैकी एक टक्क्यालाही एका वर्षात तिसऱ्या देशात जागा मिळत नाही, आणि ज्याला मिळते त्याची निवड तो देश आपल्या मर्जीने करतो. स्वदेशातच असलेल्या माणसाला तर कायद्याने निर्वासित म्हणताच येत नाही, मग त्याने तेहरानमध्ये कोणत्या दारासमोर उभे राहायचे होते? बरे, इंडोनेशियात पोहोचून जाकार्तात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नाव नोंदवावे, तर १ जुलै २०१४ नंतर तिथे नोंदणी केलेल्यांना आपण घेणार नाही, असे ऑस्ट्रेलियानेच जाहीर केले. आश्रयासाठी आलेल्याला केवळ विनापरवाना प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे कलम ३१ सांगते, आणि तो करार ऑस्ट्रेलियाने १९५४ पासून स्वीकारलेला आहे.

'कैदेत नव्हते' हे वाक्य मला सर्वांत जास्त बोचते. पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये मॅनसवरील स्थानबद्धता घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी १,९०५ जणांच्या सामूहिक दाव्यात, जबाबदारी मान्य न करता का होईना, सात कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ऑस्ट्रेलिया सरकारने कबूल केले. हमीद खझाई या २४ वर्षांच्या इराणी तरुणाचे काय झाले, तेही पाहावे. ऑगस्ट २०१४ मध्ये मॅनसवर त्याच्या पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, ताप चढत गेला. डॉक्टरांनी त्याला तातडीने बेटाबाहेर हलवण्याची विनंती केली. पण त्यासाठी लागणारी मंजुरी दूरच्या कार्यालयातून यायची होती, ती वेळेत आली नाही आणि त्या दिवसाचे विमान निघून गेले. ५ सप्टेंबरला ब्रिस्बेनच्या रुग्णालयात तो मरण पावला. हा मृत्यू टाळता आला असता, असा निष्कर्ष २०१८ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांनी काढला. स्वतःच्या पायाने डॉक्टरकडे जाण्याची मुभा नसणे, याला मराठीत कैद हाच शब्द आहे.

बोटींचा मुद्दा लवकर आटोपतो. बेटांवर पाठवण्याचे धोरण ऑगस्ट २०१२ मध्ये पुन्हा जाहीर झाले आणि त्यानंतरच्या वर्षभरात बोटी कमी होण्याऐवजी विक्रमी संख्येने आल्या. त्या थांबल्या त्या २०१३ च्या अखेरीपासून नौदल आणि सीमादल त्यांना भर समुद्रातून परत पाठवू लागल्यावर. तेही धोरण मला मान्य नाही, पण श्रेय चुकीच्या खात्यावर जमा करू नये.

आता 'दुसरा देश स्वीकारेपर्यंत'. न्यूझीलंडने दरवर्षी १५० जण घेण्याची तयारी २०१३ मध्येच दाखवली होती. तिथून ही माणसे मागच्या दाराने ऑस्ट्रेलियात येतील, या भीतीपोटी ऑस्ट्रेलिया सरकारने ती मार्च २०२२ पर्यंत प्रत्यक्षात येऊ दिली नाही. कंबोडियाशी २०१४ मध्ये कोट्यवधी डॉलरचा करार झाला, प्रत्यक्षात बोटांवर मोजण्याइतकेच लोक गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेने १,२५० पर्यंत निर्वासित घेण्याचे कबूल केले, आणि जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ज्या सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली त्यांत इराण होता. सोबतचे इतर देशांचे लोक विमानात बसत असताना अनेक इराण्यांच्या हाती नकाराचा कागद आला. मायदेशाचे म्हणाल, तर त्या काळी स्वखुशीने न येणाऱ्या नागरिकांना इराण परत घेत नसे. म्हणजे परत जायचे तर ज्या राजवटीला घाबरून पळालो तिच्याकडे जाण्याच्या संमतीवर स्वतःच सही करायची.

उपचारांसाठी मेलबर्नला आणलेल्यांपैकी काही जण कार्लटनमधल्या पार्क हॉटेलात कोंडलेले होते. स्वान्स्टन स्ट्रीटवरून ट्रामने जाताना मी वर पाहत असे. न उघडणाऱ्या काचेला टेकलेला एखादा तळवा दिसे. जानेवारी २०२२ मध्ये टेनिसपटू जोकोविचला काही दिवस तिथे ठेवले, तेव्हा जगभरचे कॅमेरे त्या दारात आले. त्याच इमारतीत त्याच दिवसांत एका अहवाझी (इराणमधील अरब अल्पसंख्याक) तरुणाने चोविसावे वर्ष पूर्ण केले. तो बोटीतून उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता.