‘किरकोळ तपशील’ म्हणणाऱ्या वाचकास

पेशींना दाब-ताण कसा कळतो यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने तुम्ही लिहिलंत, “आधी अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडा. पेशीत सगळं रसायनंच ठरवतात, दाब-ताण हा किरकोळ तपशील.” मतभेदाचं मला वावडं नाही. पण ओळख ना पाळख, थेट समोरच्याची अक्कल काढायची, ही कुठली रीत? तीही नाव लपवून?

लेख लांबला, हे मान्य.

आता ‘किरकोळ’. सेल कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणं, यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणारे तंतू बनवणाऱ्या) पेशी प्लॅस्टिकच्या डिशमध्ये सोडल्या की तळाला चिकटतात, चहूबाजूंनी पसरतात, चपट्या होतात. त्याच पेशी, तेच मीडियम (पेशी वाढवायचा पोषक द्रव), फक्त तळाशी अगदी मऊ जेल घातलं, की बऱ्याचशा आखडून गोलसर राहतात. हे मी मायक्रोस्कोपला डोळा लावून पाहिलंय. रसायन तेच होतं ना?

माझ्यावर विश्वास नसेल तर ॲडम एंग्लर आणि डेनिस डिशर या संशोधकांचं २००६ चं काम बघा. अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशी, त्यांनी कमी-जास्त कडक जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे १ किलोपास्कलच्या (हे कडकपणा मोजायचं एकक) आतल्या जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, ८ ते १७ वर स्नायूच्या, २५ ते ४० वर हाडाच्या. मीडियम सगळ्यांना एकच.

आणि पिएझो, म्हणजे पेशीच्या पडद्यातली ताणाने उघडणारी प्रथिनाची वाहिनी? अर्देम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत बर्ट्रांड कोस्ट पेशीला काचेच्या बारीक नळीने टोचायचे, की वीजप्रवाह उमटायचा. एकेक जनुक बंद पाडत ते ७२ व्या जनुकाशी पोचले, तेव्हा तो प्रवाह गेला; तेच पिएझो१ चं जनुक. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं, २०२१ मध्ये पटापूटियन यांना नोबेल मिळालं. पेशीचा पडदा ताणला की पिएझो१ ही वाहिनी उघडते आणि कॅल्शियम आत शिरतं. पुढचं रसायन मी कुठे नाकारलंय? पण वाहिनी उघडतो तो ताण. तुम्ही दुसऱ्या पायरीला पहिली म्हणता, आणि पुस्तक मी उघडायचं!



जेलच्या त्या प्रयोगात कुठलं रसायन बदललं होतं, तेवढं सांगा. खऱ्या नावाने लिहिलंत तर बरं.